खत टाकलं, पाणी दिलं, तरी ऊस पिवळाच? आधी मूळ उपटून बघा

अठरा वर्षं खताचं दुकान चालवतोय, आणि त्याआधीपासून घरचा चार एकर ऊस आहे. कृष्णाकाठची काळी जमीन. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आणि पुन्हा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून येणारा ऊस) फुटला की गल्ल्यावर एकच प्रश्न येतो: "दादा, फोटो टाकलाय व्हॉट्सॲपला, औषध सांगा." फोटोत पिवळं पान असतं. औषध विकणं माझा धंदा आहे, तरी दहापैकी सात वेळा मी काही विकत नाही. का, ते खाली येईलच.

लक्षणं, म्हणजे ही पोस्ट तुमच्यासाठी आहे का

शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडलीत. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका, म्हणजे पानावर लांबच्या लांब रेघा. जास्त झालं की अख्खं पान पांढरट, केवड्याच्या पातीसारखं. खालची जुनी पानं मात्र बऱ्यापैकी हिरवी. सगळ्या शेतात सारखं नाही, तुकड्यातुकड्यात आहे: पाटाच्या तोंडाशी, खोलगट जागेत, पांढरे खडे दिसतात तिथे. युरिया फेकला की चार दिवस काळोखी आल्यासारखी वाटते, पुन्हा तेच. आणि दरवर्षी जागा तीच.

यालाच आपल्याकडे उसातला केवडा म्हणतात. कागदावर तो लोहाची कमतरता. पण जमिनीत लोह नाही असं सहसा नसतं. काळ्या जमिनीत लोह ढिगाने आहे, ते मुळाला उचलता येत नाही. भुईमूग, सोयाबीन, संत्रा, द्राक्ष यांचीही चुनखडीत हीच रड असते, म्हणून खालची बरीचशी तपासणी त्यांनाही चालेल. मी बोलतोय उसाबद्दल.

मूळ खत "पितं" हा गैरसमज

पाटाचं पाणी उताराने आपोआप जातं. विहिरीतलं पाणी वर काढायला मात्र मोट लागायची, मोटेला बैल आणि बैलांना वैरण. मूळ पाणी घेतं ते बरंचसं पहिल्या रीतीने. अन्नद्रव्यांपैकी बरीच दुसऱ्या रीतीने.

मुळाच्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्या मातीतल्या पाण्यापेक्षा शंभरपट किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे आत आधीच गर्दी आहे, तरी आणखी आत ओढायचं आहे. हे चढावरचं काम आहे. त्यासाठी पेशीच्या पडद्यात प्रथिनांचे पंप बसवलेले असतात. ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून हायड्रोजनचे आयन (विद्युतभार असलेले कण), म्हणजे प्रोटॉन, बाहेर ढकलतात. त्यामुळे बाहेर आम्लता येते आणि पेशीची आतली बाजू ऋण होते. पोटॅशियमसारखे धन आयन त्या ओढीने ठराविक दारांतून आत येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट स्वतःच ऋण, त्यांना आतली बाजू ढकलून लावते. म्हणून ते परत आत शिरणाऱ्या प्रोटॉनचा हात धरून येतात. दार कुठलंही असो, मोट ओढतो तो प्रोटॉनचा पंप. त्याची वैरण एटीपी, आणि एटीपी तयार व्हायला दोन गोष्टी लागतात: पानातून खाली आलेली साखर आणि मातीतल्या हवेतला ऑक्सिजन.

हे नवं ज्ञान नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियात होगलँड आणि ब्रॉयर या दोघांनी बार्लीची मुळं कापून क्षारांच्या पाण्यात ठेवली. वर पान नाही, पाणी वर ओढणारं ऊन नाही. तरी पाण्यातून हवेचे बुडबुडे सोडले की मुळं क्षार साठवत जायची, आणि हवा तोडली की काम थंडावायचं.

मी याची गावठी आवृत्ती दुकानात मांडली होती. दोन बरण्या, दोन्हींत मक्याची सारखी रोपं आणि एकाच बादलीतलं विद्राव्य खताचं पाणी. एका बरणीत माशांच्या टाकीची मोटर सोडली, दुसरीत नाही. दहा दिवसांत पहिलीतली मुळं पांढरीशुभ्र, बरणीभर पसरलेली. दुसरीतली आखूड, चहाच्या रंगाची, आणि वरची पानं फिकी. खत दोन्हीकडे सारखंच होतं. आमच्या आबांनी दोन्ही बरण्या उचलून वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "ह्याला श्वास नाय मिळाला." त्यानंतर गल्ल्यावर वाद घालायची वेळ कमी आली.

आता तपासणी. क्रम सोडू नका. पहिल्या चारला एक रुपया लागत नाही.

१. पिवळं पान कुठलं, वरचं की खालचं?

नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची पानं जातात. लोह, गंधक, जस्त, कॅल्शियम यांना झाड असं सहज हलवू शकत नाही, म्हणून शेंडा आधी बोलतो. खालची पानं टोकापासून पिवळी होत असतील तर तो नत्राचा प्रश्न. खालच्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाशचा. हे दोन्ही केवडा नाहीत, मग पुढची निम्मी पोस्ट तुमच्या कामाची नाही.

इथेच दोन रोगही बाजूला काढा. शेंड्याची पानं बुडाशी फिकी, चुरगळलेली, पिळलेली असतील तर तो पोक्का बोईंग, बुरशीचा रोग. एखाद्याच ठोंबात गवतासारखे बारीक, पांढरट फुटव्यांचे झुबके आले असतील तर ती गवताळ वाढ. त्यात खताचा संबंधच नाही. तो ठोंब मुळासकट काढून बाहेर न्यायचा आणि त्या प्लॉटचं बेणं धरायचं नाही.

२. खुरपं घ्या आणि एक ठोंब उकरा

कंटाळा इथेच येतो, आणि निदान इथेच होतं. एक ठोंब पिवळ्या जागेतला, एक हिरव्या जागेतला. वीतभर खोल, चारी बाजूंनी माती सैल करून काढा, हिसका देऊ नका. बादलीत हलकेच धुवा.

पांढरी, टवटवीत, टोकाकडे लव असलेली मुळं म्हणजे पंप चालू आहे, दोष मातीत किंवा पाण्यात शोधायचा. तपकिरी, काळपट, चिमटीत धरल्यावर साल निघून आत फक्त दोरा उरतो, म्हणजे पंप बंद. मातीला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर खाली हवा संपलेली आहे, दुसरी कसली चाचणी नको.

ठोंब उकरावा न लागता अलगद हातात आला तर मुळं हुमणीने खाल्लीत. बाजूची माती चाळा, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडेल. मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी. दोन्ही वेळा इथे थांबायचं, लोहाचं खत आणू नका.

३. वाफसा आहे का?

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं. मातीची मूठ आवळा. पाणी सुटलं किंवा हाताला चिखल चिकटला तर वाफसा नाही. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर आहे.

ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. पाण्याने भरलेल्या काळ्या मातीत मुळाला तो मिळतच नाही. मग मूळ ऑक्सिजनशिवाय साखर मोडायला लागतं. एका ग्लुकोजमागे पुस्तकी हिशेबाने ३६-३८ एटीपी मिळायचे, तिथे २ मिळतात. बैल उपाशी, मोट विहिरीत.

चुनखडीच्या रानात याला आणखी एक पदर आहे. मुळांचा आणि जिवाणूंचा कर्बवायू ओल्या मातीतून बाहेर निघत नाही, तो पाण्यात विरघळून चुन्याशी भिडतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. मूळ लोह सोडवण्यासाठी बाहेर आम्लता सोडतं, बायकार्बोनेट ती जागच्या जागी मारून टाकतं. म्हणून आठवडाभर झड लागली की केवडा उठतो आणि उघडीप मिळाली की आपोआप ओसरतो. मधल्या काळात ज्याने जे फवारलं त्याला त्याचं श्रेय मिळतं. दुकानदार म्हणून हे कबूल करायला हरकत नाही.

करायचं काय: पाणी बंद. ठिबक असेल तर "रोज अर्धा तास" ही सवय मोडा. खोलगट भागातून बांधापर्यंत कुदळीने चर काढा. तीन-चार दिवस थांबा. या दिवसांत युरिया अजिबात नको: पंप बंद असताना मूळ तो उचलत नाही, आणि हवा नसलेल्या मातीत त्यातल्या नत्राचा बराच भाग निचऱ्यातून किंवा वायू होऊन जातो. २०१९ च्या महापुरानंतर मी स्वतः ही चूक केली. पाणी उतरलं, ऊस पिवळा दिसला, जीव राहवेना, दोन पोती चिखलात फेकली. शेजारच्या मामांनी काहीच केलं नाही, फक्त चर काढले. पंधरवड्यात त्यांचा ऊस माझ्यापेक्षा हिरवा होता.

४. खोडवा आहे का, आणि थंडी किती आहे?

तोडणीनंतर खोडव्याला जो केवडा येतो त्याचं कारण जरा वेगळं आहे. वरची पानं कारखान्याला गेली, म्हणजे मुळांची साखर बंद झाली. जुनी मुळं मरत जातात, नवी फुटव्यांना अजून आलेली नसतात. मधले काही आठवडे पंपच कमी. त्यात डिसेंबर-जानेवारीची थंडी असेल तर श्वसन आणखी मंद. हे जिवंत काम आहे, गारठ्यात ते सावकाशच चालणार.

अशा वेळी बगला फोडा, म्हणजे वरंब्याच्या दोन्ही कडा नांगरून घ्या. जुनी मुळं तुटतात, माती मोकळी होते, हवा जाते, नवी मुळं धरतात. पाचट ठेवलं असेल तर ते एका आड एक सरीत ओढून मोकळ्या सरीची बगल फोडा. हलकं पाणी द्या. नव्या मुळांची पांढरी टोकं दिसली की मग खताचा हप्ता. पिवळेपणा फिकटच असेल आणि नवं पान आधीच्यापेक्षा हिरवं निघत असेल तर काही न करणं हाच इलाज.

५. चुन्याची चाचणी, खर्च लिंबाएवढा

वाळलेल्या मातीचं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका, नाहीतर मोठं लिंबू पिळा. कान जवळ न्या. फसफसलं तर मुक्त चुना भरपूर. नुसतं चुरचुरलं तर बेताचा. काहीच नाही तर चुना कमी असेल, किंवा लिंबू कमजोर पडलं असेल. संडास धुवायचं ॲसिड वापरणारे आहेत, त्याने फेस झकास येतो, पण डोळ्यात थेंब गेला तर दवाखाना. नकोच.

याने काय कळतं? मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) एकाने वाढला की पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह हजारपट घटतं. चुनखडीत सामू ८ च्या आसपास, कधी वर. ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिकं यावर एक युक्ती करतात: लोह पकडणारी आम्लं मुळातून मातीत सोडतात आणि लोह धरलेला तो रेणू अख्खाच परत आत ओढतात. जपानच्या ताकागी यांनी हे १९७६ मध्ये भात आणि ओट यांच्या मुळांवर दाखवलं. भुईमूग, द्राक्ष यांची रीत वेगळी: ती आम्लता सोडून लोहाचं रूप बदलतात आणि मगच आत घेतात. म्हणून बायकार्बोनेटचा मार त्यांना जास्त बसतो. दोन्ही रीतींना जिवंत, श्वास घेणारं मूळ लागतंच. तेव्हा तिसरी पायरी झाली नसेल तर चुन्याला शिव्या देऊ नका.

६. मागच्या तीन महिन्यांत काय काय टाकलंत?

वहीत लिहा. आत घेणारी प्रथिनं मोजकी, आणि सारख्या दिसणाऱ्या आयनांत तिथे ढकलाढकली होते. पालाश फार झालं की मॅग्नेशियम मागे राहतं. वर्षानुवर्षं डीएपीच टाकलं असेल तर स्फुरद साचतं आणि जस्ताची वाट अडते. नायट्रेटच्या रूपात नत्र जास्त गेला तर मूळ तो घेताना भोवतालचा सामू वाढवतं, अमोनियमच्या रूपात दिला तर उतरवतं. म्हणून चुनखडीत मी युरियाच्या एखाद्या हप्त्याऐवजी अमोनियम सल्फेट सुचवतो, मातीआड करून. उघडं टाकलं तर अमोनिया उडून जातो.

७. चार ठोंबांवर हिराकशीची परीक्षा

अख्ख्या शेतावर नाही, चार ठोंबांवर. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि १ ग्रॅम लिंबूसत्व. आधी लिंबूसत्व विरघळवा, मग हिराकस. खडे फिके हिरवे असले पाहिजेत. गंजासारखे तपकिरी झाले असतील तर ते लोह आता पानाच्या फारसं उपयोगाचं नाही, दुकानात परत करा. (माझ्याकडूनच नेलं असेल तरीही.) सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पानाच्या अर्ध्या भागाला कापडाने लावा, अर्धा कोरा ठेवा. खूण म्हणून सुतळी बांधा.

आठ-दहा दिवसांत लावलेला भाग हिरवा, कोरा पिवळाच, तर लोहच कमी पोचतंय हे नक्की. मग प्लॉटवर त्याच प्रमाणात, १० लिटरला ५० ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फवारण्या. फरकच पडला नाही तर लोहाचा नाद सोडा आणि पुढच्या पायरीवर जा.

फवारणीने मुळाला वळसा घालून पानात लोह पोचतं, पंप दुरुस्त होत नाही. पुढची पानं पुन्हा पिवळी निघू शकतात. जमिनीतून द्यायचं तर कोरडी हिराकस चुनखडीत फेकणं म्हणजे पैसे पुरणं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात दहास एक प्रमाणात मिसळून, ओलसर ठेवून, पाच-सहा दिवस मुरवून सरीत मुळांजवळ द्या. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं लोह, घेताना डब्यावरचं बारीक वाचा. ईडीटीए सामू ७ च्या वर लोह सोडून देतं, ईडीडीएचए चुनखडीतही धरून ठेवतं. दुसरं बरंच महाग आहे, म्हणून आधी ही परीक्षा.

८. माती आणि पाणी तपासून घ्या

कृषी विज्ञान केंद्रात किंवा कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पिवळ्या आणि हिरव्या जागेचे नमुने वेगळे. एकत्र केलेत तर सरासरी येईल आणि सरासरीत काही दिसणार नाही. पाण्याचा नमुना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मग भरा, आणि बायकार्बोनेट तपासा असं तोंडाने सांगा, नाहीतर नुसता सामू आणि क्षारता लिहून देतात.

मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन खारवट. उसाला तर २ च्या आतच त्रास सुरू होतो. बाहेर एवढे क्षार असले की मुळाला पाणी घेणंच जड जातं आणि आत घुसणारं सोडियम बाहेर हाकलण्यात पंपाची ताकद जाते. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. खारवटीला गोडं पाणी आणि निचरा लागतो, चोपणला जिप्सम किंवा गंधकही लागतं. अहवाल न बघता जिप्समची पोती उतरवणारे खूप आहेत. विकतो मीच, पण आधी कागद मागतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

हुमणी, सूत्रकृमी किंवा पोक्का बोईंग दिसला तर सहायक कृषी अधिकारी (आधीचा कृषी सहायक) किंवा केंद्रातला तज्ज्ञ, त्याच आठवड्यात. हुमणीच्या बाबतीत तर दुसऱ्या दिवशी.

जमिनीवर पांढरा थर येतोय, दोन हातांवर पाणी लागतंय, दरवर्षी पिवळा तुकडा वाढतोय, तर हे पान-मुळाचं काम राहिलं नाही. शिरोळ, मिरज, वाळव्याकडे अशा रानांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात. तो स्वतः जेसीबी बोलावून करू नका. उतार किती, पाइप किती खोल, दोन ओळींत अंतर किती आणि मुख्य म्हणजे पाणी शेवटी कुणाच्या रानातून ओढ्याला जाणार, हे लेव्हल काढणारा माणूसच ठरवतो. एकाने बिनलेव्हलचे पाइप पुरले होते, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी उलटं त्याच्याच रानात आलं.

आणि पहिल्या चार पायऱ्या करून तीन आठवडे झाले, नवं पान तरीही पांढरंच निघतंय, तर आणखी एक बाटली नेऊ नका. तज्ज्ञाकडे जा. जाताना फोटो नको, दोन ठोंब न्या, एक पिवळा, एक हिरवा, मुळं आणि माती तशीच ठेवून. सोबत वहीचं पान. आणि प्लास्टिकच्या पिशवीला दोन-चार भोकं पाडा. बंद पिशवीत उन्हाने मुळं घामेजतात, मग येणारा वास शेतातला की पिशवीतला हे समोरच्याला कळत नाही.